दर वर्षी फवारणी, दर वर्षी तीच कीड: सोसायटीच्या झाडांचं कंत्राट द्यायचं की नाही?

समस्या नाशिकच्या बहुतेक जुन्या सोसायट्यांमध्ये सारखीच आहे. आवारात पंचवीस-तीस झाडं. थंडी सरता सरता आंब्याखाली लावलेल्या गाड्यांवर चिकटा पडायला लागतो. पावसाळ्यात शेवग्याच्या खोडावर केसाळ सुरवंटांचा गठ्ठा बसतो. नारळाच्या नव्या झावळ्या कात्रीने कापल्यासारख्या बाहेर येतात. कमिटी कुणालातरी बोलावते, एचटीपी पंप (जोरदार दाबाने फवारणारा पंप) घेऊन माणसं येतात, सगळं आवार धुऊन काढल्यासारखं फवारतात. महिनाभर बरं वाटतं आणि पुढच्या वर्षी त्याच सुमाराला तेच सगळं पुन्हा. मग वार्षिक सर्वसाधारण सभेत दोन तट पडतात. एकाचं म्हणणं, पैसे पाण्यात जातायत. दुसऱ्याचं म्हणणं, उद्या झाड मेलं किंवा पडलं तर जबाबदार कोण?

दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर आहेत, म्हणूनच वाद मिटत नाही. माझं मत आधीच सांगतो. वर्षभराचं सरसकट कंत्राट फार थोड्या सोसायट्यांना लागतं. बाकीच्यांना हवा असतो तो दोन-चार झाडांवर, ठरावीक आठवड्यात, कीड ओळखून केलेला उपचार. आणि त्याहून जास्त गरज असते ती झाडाच्या बुंध्याखालची जमीन सुधारण्याची. कंत्राटाच्या कागदावर ही जमीन सहसा दिसत नाही.

आधी हे विचारा: काहीच केलं नसतं तर काय झालं असतं?

कडुनिंब फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं गाळतो. पिंपळाचंही तेच. चैत्र लागता लागता दोघांनाही कोवळी तांबूस पालवी फुटते. आता फेब्रुवारीत कुणी सांगितलं की तुमचा कडुनिंब वाळतोय, बुरशीनाशकाची आळवणी करू, म्हणजे ते पाण्यात मिसळून मुळाशी ओतू, आणि तुम्ही केलीत, तर एप्रिलमध्ये झाड हिरवंगार दिसणारच. औषध दिलं नसतं तरी दिसलं असतं. पण सभेत हेच झाड पुरावा म्हणून दाखवलं जातं.

खराखुरा रोगही असतो, नाही असं नाही. २०२१ च्या सुमारास तेलंगणात कडुनिंब मोठ्या प्रमाणावर शेंड्याकडून वाळले. कोवळ्या फांद्या टोकाकडून करपत खाली येणं हे त्याचं लक्षण, आणि तो पावसाळ्यात व त्यानंतर दिसतो, पानगळीच्या दिवसांत नव्हे. त्यातलीही बरीच झाडं पुढे स्वतःहून पुन्हा फुटली. म्हणून महिना बघा. फांदीच्या टोकाची साल नखाने खरवडून बघा. आत हिरवं असेल तर ती पानगळ आहे. तपकिरी आणि कोरडं असेल तर पुढे चौकशी करा.

यावर एक साधा उपाय आहे आणि मी तो सगळ्या सोसायट्यांना आग्रहाने सांगतो. एकाच जातीची, एकाच ओळीतली चार झाडं असतील तर एक झाड मुद्दाम बिनउपचाराचं ठेवा. ते कोणतं हे ठरावात लिहून ठेवा. उपचाराच्या दिवशी, महिन्याने आणि तीन महिन्यांनी चारही झाडांचे फोटो एकाच जागेवरून काढा. तीन महिन्यांनी चौघांत फरक दिसला नाही, तर पुढच्या सभेत त्या विषयावर तासभर भांडावं लागत नाही.

गाडीवरचा चिकटा: सगळ्यात जास्त तक्रारी याच्याच

लोक म्हणतात आंब्यातून डिंक गळतो. तो डिंक नसतो. मोहोराच्या दिवसांत तुडतुडे मोहोराचा आणि कोवळ्या पानांचा रस शोषतात आणि गोड चिकट पाणी बाहेर टाकतात. ते पानांवर, फरशीवर, गाडीच्या काचेवर पडतं. त्या गोडव्यावर काळी बुरशी वाढते, तिला शेतकरी काजळी म्हणतात. अंगठा ओला करून काळ्या पानावर घासा. काळा थर निघून खाली हिरवं पान दिसलं तर पानाला रोग नाही, वरून बसलेली काजळी आहे. ती घालवायला बुरशीनाशक मारून उपयोग नाही. तुडतुडे थांबले की चिकटा थांबतो, चिकटा थांबला की काजळीला खायला उरत नाही.

तुडतुडे आहेत की नाहीत हे बघायला पाच मिनिटं लागतात. सकाळी मोहोराच्या एका तुऱ्याखाली पांढरा कागद धरून तुरा दोन-तीनदा हलवा. पाचरीच्या आकाराचे, गव्हाच्या दाण्याहून लहान, करड्या रंगाचे किडे कागदावर पडतील आणि हात लावायच्या आत तिरके उडतील. मोहोराजवळ उभं राहिलं तर त्यांच्या उड्यांचा पानांवर बारीक टपटप आवाजही येतो. दोन-चार तुऱ्यांतून एखाद-दुसरा पडला तर सोडून द्या. प्रत्येक तुऱ्यातून पाच-सहा पडत असतील तर विचार करा.

इथे व्यावसायिक फवारणीचा खरंच उपयोग होतो, पण वेळ साधली तरच. मोहोर फुटायला लागतो तेव्हा एक आणि फळं वाटाण्याएवढी झाल्यावर गरज असेल तर दुसरी. मधल्या काळात, मोहोर पूर्ण फुललेला असताना कीटकनाशक अजिबात नको. त्या दिवसांत मधमाश्या आणि परागीकरण करणाऱ्या माश्या मोहोरावर असतात. त्या मेल्या की फळही जातं. बहुतेक सोसायट्यांमध्ये नेमकं उलटं होतं. मोहोर भरात आला की तक्रारी सुरू, तक्रारी वाढल्या की कमिटीची बैठक, बैठकीनंतर फवारणी. म्हणजे ज्या आठवड्यात करायला नको त्याच आठवड्यात.

दुसरी गोष्ट, मोसम नसताना तुडतुडे खोडाच्या सालीतल्या भेगांमध्ये बसून राहतात. नुसता वरचा मोहोर भिजवला आणि खोड कोरडं सोडलं तर साठा तसाच राहतो. आणि तिसरी, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: दाट, अंधाऱ्या, हवा न खेळणाऱ्या आंब्यात तुडतुडे जास्त. फळं उतरल्यावर आतल्या वाळक्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढून झाडात ऊन शिरेल असं केलं तर पुढच्या मोसमात कीड कमी राहते. हे काम औषधाच्या दोन फेऱ्यांपेक्षा जास्त पुरतं. त्याच झाडाला आळ्यात मूठमूठ युरिया घालणं मात्र थांबवा. युरियाने लुसलुशीत फूट येते आणि रस शोषणाऱ्या किडीला तेच हवं असतं.

जास्वंद, सीताफळ, पेरू यांच्यावर कापसासारखा पांढरा पुंजका दिसला तर तो पिठ्या ढेकूण. चिकटा त्याच्यामुळेही पडतो. खोडावरून मुंग्यांची रांग वर जातेय का बघा. मुंग्या त्या गोड पाण्यासाठी पिठ्याला सांभाळतात, त्याला खाणारे ढालकिडे जवळ फिरकू देत नाहीत. खोडाला प्लास्टिकची पट्टी घट्ट बांधून तिच्यावर ग्रीसचा थर द्या. ग्रीस थेट सालीला लावू नका. मुंग्यांची वाट बंद झाली की अर्धं काम होतं. पाण्याचा जोरदार फवारा आणि साबणाचं पाणी उरलेलं करतं. एवढ्यासाठी कंत्राटदार लागत नाही.

नारळ: दर वर्षी झावळ्या कातरल्या जातायत, कारण आपणच भुंगे पाळतोय

नव्या झावळीत त्रिकोणी किंवा इंग्रजी व्ही अक्षरासारखे काप दिसले की तो गेंड्या भुंगा. तो शेंड्यात शिरून न उलगडलेली झावळी खातो, म्हणून झावळी उलगडली की कात्रीने कापल्यासारखी दिसते. यावर शेंड्यात औषध ओतणं हा नेहमीचा उपाय. वर्षभराने भुंगे परत.

ते येतात कुठून? त्याच्या अळ्या शेणखतात, कुजणाऱ्या पालापाचोळ्यात, सडक्या ओंडक्यात वाढतात. आता आपल्या सोसायटीतला ओल्या कचऱ्याचा कंपोस्ट हौद कुठे आहे ते आठवा. मागच्या भिंतीला, आणि तिथेच नारळांची ओळ. हौद फावड्याने उकरा. अंगठ्याएवढ्या जाड, पांढऱ्या, अर्धगोल वळलेल्या अळ्या दिसल्या तर कारण सापडलं. खत दर काही आठवड्यांनी पूर्ण उलटं-पालटं करा, अळ्या वेचून काढा, तयार खत साठवून न ठेवता वापरून टाका. मेटारायझियम ही हिरवी बुरशी कृषी सेवा केंद्रात मिळते, ती हौदात मिसळली तर अळ्यांना रोग होऊन त्या मरतात. झाडाला आणि माणसाला तिचा त्रास नाही.

हात पोचेल एवढ्या लहान नारळाला शेंड्याजवळच्या झावळ्यांच्या बेचक्यात तीन-चार डांबरगोळ्या ठेवून वरून वाळू टाकतात आणि दर ४५ दिवसांनी नव्या ठेवतात. उंच झाडाला हे शक्य नसतं. तिथे नारळ उतरवायला येणाऱ्या माणसाकडूनच शेंडा साफ करून घ्या आणि बेचक्यात निंबोळी पेंड व वाळू भरून घ्या. तो माणूस झाडावर चढणारच आहे, मग वेगळा खर्च कशाला?

यात एक धोका मात्र गंभीर आहे. गेंड्याने केलेल्या जखमेत सोंड्या भुंगा अंडी घालतो. खोडातून तपकिरी चिकट पाणी झिरपत असेल, भोकातून चघळलेला भुसा बाहेर येत असेल, तर त्याच दिवशी जाणकार माणूस बोलवा. शेंडा लवंडल्यावर बहुतेक वेळा काही करता येत नाही. गंधसापळ्यांबद्दलही, म्हणजे वासाने भुंगे ओढून पकडणाऱ्या सापळ्यांबद्दलही, सांगून ठेवतो. ते हेक्टरी एक या हिशेबाने लावायचे असतात. अर्ध्या एकराच्या आवारात चार सापळे लावले तर आजूबाजूचे भुंगे आपल्याकडे बोलावल्यासारखं होतं.

नारळाच्या पानाखाली पांढऱ्या गोल-गोल, सर्पिल रेषा आणि खालच्या झाडांवर काजळी दिसली तर ती चक्राकार पांढरी माशी. ही परदेशी कीड भारतात पहिल्यांदा २०१६ मध्ये तमिळनाडूतल्या पोल्लाचीला सापडली. तिच्यावर रासायनिक फवारणी करू नका असा कीटकशास्त्रज्ञांचा स्पष्ट सल्ला आहे. एन्कार्सिया नावाची अगदी छोटी गांधीलमाशीसारखी परोपजीवी तिला आतून खाते, आणि फवारणीत आधी तीच मरते. पाण्याचा फवारा, पिवळे चिकट सापळे आणि धीर, एवढंच.

कुठलंही औषध जिथे लागू पडत नाही

सप्तपर्णीच्या पानांवर फोड येतात. कीड त्या फोडाच्या आत असते, वरून मारलेलं औषध तिथे पोचत नाही. झाड मरत नाही. दिसायला वाईट, बाकी काही नाही. सोडून द्या.

पानांच्या फक्त कडा करपतायत, आणि त्या भागाला एसटीपीचं (शुद्ध केलेलं सांडपाणी) किंवा बोअरचं पाणी जातंय? बुरशीनाशकाची बाटली बाजूला ठेवा आणि पाणी तपासायला द्या. क्षार पानांच्या कडेला साठतात. पावसाळ्यानंतर तक्रार आपोआप कमी होत असेल आणि मार्च-एप्रिलमध्ये वाढत असेल तर संशय पक्का. नवी पानं पिवळी पण शिरा हिरव्या, असं असेल तर लोहाची कमतरता. बांधकामाचा राडारोडा, सिमेंट, चुना ज्या भरावात गेलाय तिथे हे हमखास होतं.

आणि पेव्हर ब्लॉक. पाथर्डी फाट्यापासून मखमलाबादपर्यंत कुठल्याही आवारात बघा, ब्लॉक खोडाला टेकलेले आहेत. अन्न-पाणी घेणारी मुळं जमिनीच्या वरच्या दीड-दोन फुटांत असतात आणि त्यांना पाण्याइतकीच हवा लागते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटर काँक्रीट काढायला सांगितलं ते याचसाठी. खोडाभोवती एक मीटरचे ब्लॉक काढा, माती हलक्या हाताने भुसभुशीत करा, मुळं तोडू नका, पालापाचोळ्याचं आच्छादन द्या, पण ते खोडाला चिकटू देऊ नका. एकदाच करायचं काम आहे. माझ्या पाहण्यात ज्या झाडांना दर वर्षी टॉनिक दिलं जात होतं, त्यातली निम्मी यानेच सुधारली. दोन मोसम जावे लागतात, महिन्यात फरक दिसत नाही.

पावसाळ्याआधी झाडं शेंड्याकडून बोडकी करण्याची पद्धतही इथेच मोडते. शेंडा छाटला की खालून ढीगभर कोवळे, ढिले फुटवे येतात. त्यांच्यावर कीड बसते आणि वळवाच्या वाऱ्यात तेच मोडतात. एक वर्ष छाटणीचं बिल, पुढच्या वर्षी फवारणीचं.

"आमच्या बागेत तर आम्ही..."

नाशिकच्या प्रत्येक सोसायटीत दिंडोरी, निफाड किंवा पिंपळगावकडे द्राक्षबाग असलेले एक तरी काका असतात. औषधांचं त्यांचं ज्ञान पक्कं असतं आणि त्यांना जरूर विचारावं. मोरचूद, चुना आणि पाणी यांची १ : १ : १० बोर्डो पेस्ट छाटणीच्या जखमेवर कशी लावायची हे त्यांच्याइतकं कुणी सांगणार नाही. पण बागेचं वेळापत्रक सोसायटीला लावू नका. द्राक्षात पिकाचा पैसा आहे. घडावर डाग पडला तर निर्यात गेली, म्हणून तिथे आधीच फवारावं लागतं. कृषिशास्त्रात आर्थिक नुकसानीची पातळी म्हणतात, म्हणजे किडीचं नुकसान उपचाराच्या खर्चापेक्षा जास्त होईल तेव्हाच फवारणी. सोसायटीचं झाड आपल्याला सावली देतं, पीक नाही. चार पानं कुरतडली गेली तर नुकसान किती?

हिशेब असा करून बघा. समजा तीस झाडांचं कंत्राट वर्षाला ६०,००० रुपये. कागदावर झाडामागे २,०००. पण खरोखर उपचार लागणारी झाडं पाचच असतील तर झाडामागे १२,००० रुपये जातायत. त्या पाच झाडांसाठी वेगळं कोटेशन मागा आणि मग तुलना करा.

शेवग्याच्या सुरवंटांचं उदाहरण घ्या. दिवसा ते सगळे खोडावर एका जागी गोळा होतात. माळ्याने हातमोजे घालून, तोंड बांधून, साबणाच्या दाट पाण्याने तो गठ्ठा खाली घेतला तर दहा मिनिटांत प्रश्न संपतो. अंगाला केस लागून खाज सुटते म्हणून लहान मुलांना लांब ठेवा. पूर्ण झाड फवारायचं कारण नाही.

जिथे पैसे वाचवू नयेत

गुलमोहर. लाकूड ठिसूळ, मुळं वरवर, आणि मेच्या वळवात तो पडतो. बुंध्याशी कडक, लाकडासारखी भूछत्रं उगवलेली दिसली, जमीन एका बाजूने उचललेली दिसली, खोडावर ठोकल्यावर पोकळ आवाज आला, नवीनच कल दिसला, तर फवारणीवाला नव्हे, झाडाचा धोका तपासणारा माणूस हवा. मुळाशी शिरलेली कुज कुठल्याही औषधाने परत फिरत नाही. पोकळीत सिमेंट भरून देतो म्हणणाऱ्याला नको म्हणा. आत ओल कोंडते, कुज वाढते आणि झाड बळकट झाल्याचा खोटा भास होतो. इथे कमिटीने टाळाटाळ करू नये, कारण खाली मुलं खेळतात.

छाटणी किंवा तोड असेल तर आधी महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ खासगी आवारालाही लागू आहे, आणि झाडाला इजा करणंही त्यात तोडण्याच्या व्याख्येत येतं. ५० वर्षांहून जुनं झाड असेल तर २०२१ च्या दुरुस्तीनंतर ते वारसा वृक्ष धरलं जातं. नियम आणखी कडक.

कंत्राटदाराला काय विचारायचं

कीड कोणती, नाव सांगा. "सगळ्यावर चालतं" हे उत्तर चालणार नाही. औषध कोणतं, आणि त्याच्या लेबलवर हे झाड व ही कीड छापलेली आहे का? कीड नियंत्रणाचा व्यवसाय करायला कीटकनाशक नियमांखाली परवाना लागतो, त्याची प्रत मागा. बाटल्या उघडण्याआधी बघा. लेबलवरचा त्रिकोण लाल असेल तर अत्यंत विषारी, पिवळा त्याखालोखाल, मग निळा, मग हिरवा. लाल-पिवळा राहत्या आवारात येऊच देऊ नका. डायक्लोरव्हॉस या कीटकनाशकावर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात पूर्ण बंदी आहे, तरी खोडकिडीच्या भोकात तेच भरतो म्हणणारे भेटतात. भोकात तार घालून अळी काढणं आणि भोक चिखलाने बंद करणं हा जुना उपाय अजूनही चांगला आहे.

बिलावर "ट्री ट्रीटमेंट" असं मोघम नको. औषधाचं नाव, प्रमाण, झाडांचे क्रमांक, तारीख हवी. फवारणीच्या दोन दिवस आधी जिन्यात सूचना लावा. दम्याचे रुग्ण, लहान मुलं, पाळीव प्राणी असलेल्या घरांना समक्ष सांगा. वेळ सकाळची, वारा पडलेला असताना. टाक्या झाकलेल्या, आणि पक्ष्यांची घरटी असलेलं झाड वगळलेलं.

कीड ओळखता येत नसेल तर गंगापूर धरणाच्या रस्त्याला गोवर्धनला मुक्त विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्र आहे. कीड लागलेली डहाळी बंद पिशवीत घालून न्या, पानाच्या खालच्या बाजूचा जवळून काढलेला फोटोही ठेवा. विकणाऱ्याकडूनच निदान घ्यायची वेळ येऊ नये.

राहिला शेजार. तुडतुडा उडतो, गेंड्या उडतो, मध्ये फक्त सहा फुटांची भिंत असते. शेजारच्या आवारात दोन मोठे आंबे बिनउपचाराचे असतील तर आपली एकट्याची फवारणी थोडेच दिवस टिकते. दोन्ही सेक्रेटरींनी एकत्र बसून एकाच आठवड्यात, एकाच माणसाकडून काम करून घ्यावं. येण्या-जाण्याचा आणि पंपाचा खर्च वाटला जातो, दरही उतरतो. शेजारी तयार नसतील तर आंब्याच्या फवारणीवर पैसे घालू नका. त्या पैशात ब्लॉक काढा, आतून विरळणी करा आणि मोहोराचे दिवस संपेपर्यंत गाड्या दुसऱ्या ओळीत लावायची सोय करा.

आंब्याचा निर्णय डिसेंबर उजाडायच्या आत झाला पाहिजे, म्हणून हा विषय वार्षिक सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर आत्ताच घालून घ्या. बिनउपचाराचं ठेवायचं झाड कोणतं, तेही त्याच ठरावात नमूद करा.